गोचीड ताप: कुत्री चार दिवसांत टवटवीत झाली, तरी 28 दिवसांच्या गोळ्या पूर्ण कराव्यात का?

ठकीची आई

नमस्कार. आमच्याकडे ठकी नावाची पाच वर्षांची गावठी कुत्री आहे. वजन 14 किलो. आम्ही पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहतो. नऊ दिवसांपूर्वी तिने सकाळचा दहीभात नुसता हुंगला आणि तोंड फिरवले. पावसाळी हवेत ती अधूनमधून असे करते, म्हणून आम्ही फारसे मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र दाराची घंटा वाजली तरी ती जागची हलली नाही, आणि संध्याकाळी पोटावरून हात फिरवताना जांघेजवळच्या विरळ केसांच्या त्वचेवर मोहरीएवढे जांभळट ठिपके दिसले. त्या रात्री अंग फार गरम लागले म्हणून मी घरातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी तिला दिली, याबद्दल डॉक्टरांनी नंतर चांगलेच फैलावर घेतले.

डॉक्टरांकडे ताप 104.2 अंश भरला. रक्तात प्लेटलेट 38,000 आणि हिमोग्लोबिन 8.9 निघाले, एर्लिकिया या जिवाणूची तपासणी पॉझिटिव्ह आली. गोचीड ताप असल्याचे सांगून त्यांनी डॉक्सिसायक्लिनच्या 28 दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. आज गोळ्यांचा सातवा दिवस आहे. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी तिने स्वतःहून ताटली वाजवून जेवण मागितले, आणि काल तर मनीच्या, म्हणजे आमच्या मांजरीच्या, मागे घरभर धावली. आता सासूबाईंचे म्हणणे असे की एवढी उष्ण औषधे जनावराला महिनाभर देऊ नयेत, ताप गेला की बंद करावीत. शेजारी रोज पपईच्या पानांचा रस देण्याचा आग्रह करीत आहेत. गोळी आम्ही पनीरच्या तुकड्यात दडवून देतो आणि ती आनंदाने खाते, त्यामुळे देण्याचा त्रास नाही. पण देत राहावे का, हा प्रश्न आहे.

दुसरे असे की, ठकी रस्त्यावरच्या कुत्र्यांत मिसळत नाही, तरी गोचिडी आल्या कुठून? मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही तिला चार दिवस कुत्रे सांभाळणाऱ्यांकडे ठेवले होते. परत आणल्यावर तिच्या कानात दोन गोचिडी सापडल्या होत्या, त्या काढून टाकल्या. काल रात्री मात्र बैठकीच्या भिंतीवर एक बारीक लालसर गोचीड छताच्या दिशेने चढताना दिसली आणि माझी झोप उडाली. घरात मांजर असताना फवारणी करता येते का? आणि हा ताप आम्हा माणसांना होऊ शकतो का?

नाशिककर

गोळ्या बंद करू नका, एवढे सांगण्यासाठीच लिहीत आहे. मी ही चूक केलेली आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या लॅब्रेडॉरला, बाळूला, हाच आजार झाला होता. दहाव्या दिवशी तो इतका ठणठणीत दिसू लागला की उरलेल्या गोळ्या मी कपाटात ठेवून दिल्या. त्यानंतर जवळजवळ आठ महिने काहीही झाले नाही. वजन थोडे उतरले होते, परंतु ते उन्हाळ्यामुळे असेल असे आम्ही धरून चाललो. मग एका सकाळी तो शिंकला आणि स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फरशीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. घोळणा फुटावा तशी एकाच नाकपुडीतून धार लागली होती आणि ती अर्धा तास थांबली नाही. प्लेटलेट 11,000 होत्या. लाल आणि पांढऱ्या पेशीही घसरल्या होत्या. ओळखीच्या एका कुत्र्याचे रक्त चढवावे लागले, सहा आठवडे औषधे चालली, आणि बाळू वाचला. पण पूर्वीचा जोम काही परत आला नाही. पहिल्या वेळी माझ्या फक्त 18 दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. त्यांची किंमत त्या सहा आठवड्यांच्या एका दिवसाच्या खर्चाएवढीही नव्हती.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी

ताई, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले 28 दिवस हे अंदाजाने सांगितलेले नाहीत. एर्लिकिया हा जिवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत शिरून राहतो. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर एक ते तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रे खाऊ लागते, आणि मालकाला वाटते की काम झाले. प्रत्यक्षात त्या वेळी रोगाचा फक्त आवाज बंद झालेला असतो. उपचार अपुरा राहिला तर आजार दबलेल्या अवस्थेत जातो. या अवस्थेत कुत्रे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे वरकरणी निरोगी दिसते, आणि नंतर काही कुत्र्यांमध्ये तो रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेवर उतरतो. अस्थिमज्जाच थकली की तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात, आणि त्या टप्प्यावर आम्हा लोकांच्या हातात फार थोडे उरते. नाशिककरांच्या बाळूची हकीकत याच वाटेची दिसते. नेहमीची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला 10 मिलिग्रॅम अशी असते, ती एकदम किंवा दोन वेळांत विभागून देतात. तुमची चिठ्ठी त्याप्रमाणेच असेल, तिच्यात स्वतःहून बदल करू नका.

बदल करायचा तो पनीरमध्ये करा. दूध, दही, पनीर यांतले कॅल्शियम या औषधाला धरून ठेवते आणि तेवढे औषध आतड्यातून रक्तात कमी जाते. गोळी पोळीच्या तुपट तुकड्यात, उकडलेल्या अंड्याच्या बलकात किंवा कोंबडीच्या तुकड्यात द्या, आणि दहीभात गोळीच्या वेळेपासून दोन-तीन तास दूर ठेवा. अनशापोटी दिली तर उलटी होते. गोळी दिल्यावर सुई नसलेल्या सिरिंजने थोडे पाणी पाजा, म्हणजे ती अन्ननलिकेत अडकून तिथली त्वचा जाळणार नाही. 'उष्ण औषध' म्हणतात त्यामागे बहुधा हा पोटाचा त्रासच असतो, आणि तो एवढ्याने टळतो.

पपईच्या पानांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. माणसांच्या डेंग्यूत त्याचा बोलबाला झाला आणि तिथून ते कुत्र्यांपर्यंत आले. एर्लिकिया मारण्याची शक्ती त्या रसात नाही. प्लेटलेट वाढतात त्या मुळातला रोग हटल्यामुळे, आणि श्रेय मात्र रसाला मिळते. शिवाय तो अतिशय कडू असतो. नुकत्याच खाऊ लागलेल्या कुत्रीच्या घशात तो ओतला आणि तिने उलटी केली, तर त्या दिवसाची गोळीही बाहेर पडते.

पॅरासिटामॉलचा विषय तुमच्या डॉक्टरांनी काढलाच आहे, तरी घरात मांजर आहे म्हणून लिहितो. मांजरीच्या यकृतात हे औषध निकामी करणारी यंत्रणा फार तोकडी असते. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. त्याआधी हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. कुत्र्यालाही ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे बिघडतात, आणि प्लेटलेट 38,000 असताना जठरात व्रण पडणे म्हणजे काय ते सांगायला नको. अंग हाताला गरम लागणे ही तापाची खूण नव्हे; कुत्र्याचे नेहमीचे तापमानच 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. साधा डिजिटल तापमापक केवळ तिच्यासाठी वेगळा ठेवा, टोकाला थोडे व्हॅसलीन लावून गुदद्वारात घाला, आणि 103 च्या वर आकडा गेला तर दवाखाना गाठा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे हीच गोचीड बबेसिया नावाचा दुसरा परजीवीही पसरवते. तो लाल पेशींत राहून त्या फोडतो, आणि कित्येकदा दोन्ही रोग एकाच कुत्र्यात असतात. त्यावर नुसते डॉक्सिसायक्लिन पुरत नाही, औषधे निराळी लागतात. म्हणून ठकीच्या हिरड्या रोज उजेडात पाहा. गुलाबी असल्या आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतला तर ठीक. त्या पांढुरक्या पडत गेल्या किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर 28 दिवस पुरे होण्याची वाट पाहू नका. पावसाळ्यात उलट्या आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचाही) विचार करावा लागतो. तो मात्र लघवीवाटे माणसाला होतो, म्हणून अशा वेळी लघवी साफ करताना हातमोजे घाला. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते, हे पुष्कळ जण रेबीजची लस देऊन विसरतात.

प्लेटलेट लाखाच्या वर जाईपर्यंत गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा, टणक हाडे देऊ नका, आणि मनीच्या मागची धावपळ जमेल तेवढी आवरा. धक्का लागला की त्वचेखाली रक्त उतरते.

आता भिंतीवरच्या त्या पाहुणीविषयी. ही तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा जेवते: सहा पायांचे पिल्लू असताना, मग आठ पायांची पोरसवदा झाल्यावर, आणि शेवटी प्रौढ झाल्यावर. तिन्ही वेळा तिला शक्यतो कुत्राच लागतो. परंतु प्रत्येक जेवणानंतर ती खाली पडते आणि कात टाकण्यासाठी फटीत जाते. पोट भरलेली मादी तर हजारो अंडी घालते, आणि ती कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर चौकटीच्या खाचेत, फरशीच्या कडेला, स्विचबोर्डाच्या मागे. उबदार घरात हा सगळा फेरा साधारण दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. उपाशी राहूनही ती कित्येक महिने जगते. वर चढणे हा तिचा स्वभाव आहे, म्हणून ती छताकडे निघालेली दिसली.

मे महिन्यात तुम्ही कानातल्या दोन काढल्या. तिसरी आधीच पोट भरून तुमच्या घरात उतरली असावी आणि हे कुटुंब तिचे असावे. मात्र एर्लिकिया अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरत नाही. तेव्हा ठकीला लागण झाली ती आधी दुसऱ्या एखाद्या आजारी कुत्र्याचे रक्त प्यायलेल्या गोचिडीकडून. ती मेमध्ये तिथेच चावली असेल आणि रोग दबून राहिला असेल, किंवा तुमच्या जिन्याखाली एखादे कुत्रे झोपत असेल. चावल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा एक ते तीन आठवडे जातात, म्हणून जिन्याचा संशय मला अधिक येतो. उलटे गणितही आहे: आजारी ठकीला आज जी पिल्ले चावतील, ती रोग घेऊन उतरतील आणि पुढच्या जेवणाला तो तिलाच परत देतील. बरे झालेल्या कुत्रीला हा आजार पुन्हा होऊ शकतो, एकदा होऊन गेला म्हणून संरक्षण मिळत नाही.

माणसांबाबत: ठकीला हात लावल्याने तुम्हाला हा ताप होणार नाही. या गोचिडीला माणसाचे रक्त आवडीचे नाही, पण क्वचित ती चावते आणि रिकेट्सिया गटाचा एक ताप माणसाला देऊ शकते. म्हणून गोचीड नखाने चिरडण्याची आपल्याकडची सवय सोडा. बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ, सावकाश ओढा आणि साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल, तेल, पेटती उदबत्ती असले काही नको.

ओटीपडवी

मी सिंधुदुर्गातला. आमचे घर जांभ्या दगडाचे आहे, आणि जांभ्याच्या भोकांत किती गोचिडी मावतात हे मोजायचे असेल तर कोणीही यावे. दोन वर्षे आम्ही कुत्र्यालाच धूत राहिलो, साबण बदलत राहिलो. गोचिडी कमी झाल्या त्या भिंतीकडे वळल्यावर. पडवीतल्या भेगा सिमेंटने बुजवल्या, कुत्र्याचे गोणपाट जाळून टाकले, त्याजागी दर आठवड्याला उकळत्या पाण्यात घालता येईल अशी जुनी चादर आणली. रात्री विजेरी घेऊन भिंत आणि वासे यांच्या सांध्यात पाहिले की त्या ओळीने बसलेल्या सापडत. साबणाच्या पाण्याची बाटली आणि चिमटा घेऊन पहिल्या आठवड्यात मी रोज वीस-पंचवीस तरी गोळा केल्या. फवारणी एकदा करून उपयोग झाला नाही. दोन-तीन आठवड्यांनी अंडी फुटली की पुन्हा करावी लागली, आणि मग तिसऱ्यांदाही.

पशुवैद्य महाशयांना दोन प्रश्न. आमच्याकडे गुरांसाठी गोचीडनाशक औषध असतेच. तेच कुत्र्याच्या पाठीवर ओतणारे आणि आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन टोचणारे लोक मी पाहतो, हे योग्य आहे का? आणि 2016 पासून दोडामार्ग-बांदा भागात माकडतापाची जी धास्ती आहे, त्या गोचिडी याच का?

निवृत्त पशुधन विकास अधिकारी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: नाही. माकडतापाची गोचीड जंगलातली, निराळ्या जातीची आहे, आणि तो विषाणूचा आजार आहे. तसेच गुरांच्या ज्या आजाराला आपले शेतकरी गोचीड ताप म्हणतात, तो थायलेरिया परजीवीमुळे होतो. नाव एक, रोग दोन. म्हणून गोठ्यातले उरलेले इंजेक्शन कुत्र्याला देण्याचा मोह होतो आणि तो महागात पडतो. गुरांची औषधे कुत्र्याच्या वजनाला फार तीव्र असतात. आयव्हरमेक्टिनने कोली जातीच्या आणि तिच्या संकराच्या कुत्र्यांच्या मेंदूवर घातक परिणाम होतो, आणि गावात कोणत्या कुत्र्यात कशाचे रक्त आहे हे कोण सांगणार? अमिट्राझ या गोचीडनाशकाचे द्रावणही बाटलीवरच्या प्रमाणाबाहेर करू नये, लहान पिल्लांना लावू नये, आणि अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नये.

ठकीच्या घरी मनी आहे, त्यामुळे परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेला कोणताही थेंब, शांपू किंवा पावडर घरात आणू नका. कुत्र्याला ते चालते. मांजरीला झटके येऊन ती मरू शकते, आणि त्यासाठी तिला ते लावावेच लागते असे नाही, औषध लावलेल्या कुत्रीला बिलगून झोपली किंवा तिला चाटले तरी पुरते. अमिट्राझही मांजरीपासून दूर ठेवा. तुमच्यासाठी तोंडावाटे देण्याची गोळी बरी: फ्लुरालॅनर साधारण बारा आठवडे, अफोक्सोलॅनर एक महिना काम करते. वजनानुसार गोळी वेगळी असते. ठकीला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण या गटातील औषधांनी काही कुत्र्यांना झटके येतात. एक मर्यादा मात्र जाणून घ्या. गोचीड चावून रक्त प्यायल्यावरच हे औषध तिला मारते, आणि एर्लिकिया चावल्यापासून काही तासांतच अंगात शिरू शकतो. म्हणून ओटीपडवी यांनी भिंतीचे जे काम केले, ते गोळी दिली तरी करावेच लागते. फवारणी करणाऱ्याला घरात मांजर असल्याचे आधी सांगा, दोघींना त्या दिवशी बाहेर ठेवा, आणि फरशी पूर्ण वाळून घरात वारा खेळल्यावरच आत आणा.

ठकीची आई

सर्वांचे मनापासून आभार. आज गोळ्यांचा सोळावा दिवस. पनीर बंद झाल्याचा निषेध म्हणून ठकीने दोन दिवस गोळी जिभेने बाजूला काढून फरशीवर ठेवली. आता अंड्याच्या बलकावर समेट झाला आहे. काल प्लेटलेट 1,74,000 आणि हिमोग्लोबिन 10.6 आले. पोटावरचे ठिपके आधी पिवळट झाले आणि आता दिसत नाहीत.

जिन्याचा अंदाज खरा ठरला. पार्किंगमध्ये पहारेकऱ्याने पाळलेले एक कुत्रे जिन्याच्या पहिल्या वळणावर पोत्यावर झोपते. त्याचे दोन्ही कान आतून गोचिडींनी भरले होते. सोसायटीत वर्गणी काढून त्याला औषध दिले आणि पोते फेकले. आमच्या घरात, बैठकीच्या दाराच्या चौकटीवर, रंगाचा पोपडा सुटला होता तिथे एक टपोरी करडी गोचीड आणि तिच्याखाली चकाकत्या तपकिरी खसखशीसारखा ढीग सापडला. चिकटपट्टीने सगळे उचलून साबणाच्या पाण्यात टाकले आणि फट लांबीने बुजवली. फवारणी एकदा झाली आहे, दुसरी पुढच्या आठवड्यात आहे.

एक शेवटचा प्रश्न: ठकीची नसबंदी आम्ही ऑक्टोबरमध्ये करायचे ठरवले होते. ती करावी का? आणि गोळ्या संपल्यावर एर्लिकियाची तीच तपासणी पुन्हा करून घ्यावी का?

निवृत्त पशुधन विकास अधिकारी

आकडे समाधानकारक आहेत. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. जी पट्टीवरची तपासणी झाली असेल ती प्रतिपिंडांची असते, आणि प्रतिपिंडे रोग गेल्यानंतरही कित्येक महिने रक्तात राहतात; ती पुन्हा पॉझिटिव्ह आली म्हणून घाबराल आणि विनाकारण दुसरा महिना औषध चालू कराल. त्याऐवजी गोळ्या संपल्या त्या दिवशी आणि त्यानंतर महिन्याने पेशींची मोजणी करा. शंका राहिलीच तर पीसीआर, म्हणजे रक्तात जिवाणूचाच अंश शोधणारी तपासणी, करता येते. आकडा अचानक फारच खाली आला तर प्रयोगशाळेला काचपट्टीवर पेशी प्रत्यक्ष पाहायला सांगा, कारण नळीत प्लेटलेटची गुठळी झाली की यंत्र त्या कमी मोजते.

नसबंदी ऑक्टोबरात नको. दोन्ही मोजण्या चांगल्या आल्या तर त्यानंतर करा, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी प्लेटलेट पुन्हा एकदा पाहा. जिन्यातल्या त्या कुत्र्याचेही रक्त तपासून घ्या. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात नेता येईल. त्याला ताप नसला तरी न्या.